बढाई, भीती आणि जिल्हा : हैदराबाद–दिल्ली संबंधांवरील चार ग्रंथांचे परीक्षण

दोन राज्यसत्तांमध्ये संघर्ष उद्भवला म्हणजे त्याचे कारण हितसंबंधांच्या विरोधात शोधले जाते, आणि ते बहुधा तेथे सापडतेही. परंतु राज्यकर्ता व्यवहार करतो तो प्रतिपक्षाविषयी त्याच्या मनात उभ्या राहिलेल्या चित्राशी; आणि हे चित्र प्रतिपक्षाशी जुळतेच असे नाही. विसाव्या शतकातील अमेरिका व चीन यांच्या संबंधांचा या दृष्टीने पुष्कळ अभ्यास झाला आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पेकिंगमधील भारतीय राजदूत सरदार पणिक्कर यांच्यामार्फत असा इशारा दिला की, अमेरिकन सैन्याने अडतिसावे अक्षवृत्त ओलांडल्यास चीन कोरियाच्या युद्धात उतरेल. पणिक्कर हे चीनकडे झुकलेले गृहस्थ आहेत अशी वॉशिंग्टनची समजूत असल्यामुळे तो इशारा पोकळ धमकी ठरविण्यात आला. त्याच महिन्यात चिनी सैन्याने यालू नदी ओलांडली. निरोप खरा होता. निरोप्यावर विश्वास नव्हता.

अशा अयथार्थ आकलनाचे उदाहरण शोधण्यासाठी मराठवाड्याच्या अभ्यासकाला मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे तेरा महिने हैदराबाद संस्थान व भारत सरकार एकमेकांशी जवळजवळ परराष्ट्रांप्रमाणे वागत होते. करार झाला, प्रतिनिधींची नेमणूक झाली, निषेधाचे खलिते गेले, मालाची नाकेबंदी झाली आणि अखेरीस हैदराबादने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले. या व्यवहारात ज्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला त्यांपैकी चौघांचे ग्रंथ या परीक्षणासाठी निवडले आहेत. भारत सरकारच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांचा 'द स्टोरी ऑफ द इंटिग्रेशन ऑफ द इंडियन स्टेट्स' हा ग्रंथ १९५६ मध्ये, हैदराबादेतील भारताचे एजंट जनरल कन्हैयालाल मुनशी यांचा 'द एन्ड ऑफ अॅन एरा' १९५७ मध्ये, हैदराबादचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांचा 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' १९६२ मध्ये, आणि स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांचा 'मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे ग्रंथ आजवर प्रामुख्याने घटनांची साधने म्हणून वाचले गेले. येथे त्यांच्याकडे एक निराळा प्रश्न घेऊन जावयाचे आहे : प्रत्येक लेखकाने प्रतिपक्षाचे जे चित्र रेखाटले ते कोणत्या साहित्यातून घडविले, आणि त्या चित्राची किंमत कोणी मोजली? चारही ग्रंथ इंग्रजीत आहेत, ही गोष्टही प्रारंभीच लक्षात घ्यावयास हवी. ज्या मराठी, तेलुगू व कानडी जिल्ह्यांच्या भवितव्याविषयी वाद चालला होता, तेथील सामान्य माणूस या ग्रंथांचा विषय आहे. त्यांचा अपेक्षित वाचक मात्र तो नव्हे.

१. एक करार, दोन वाचने

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी उभय पक्षांनी एक वर्षाच्या मुदतीचा 'जैसे थे' करार केला. ब्रिटिश अमदानीत परराष्ट्रव्यवहार, संरक्षण व दळणवळण यांबाबत जी व्यवस्था होती ती वर्षभर चालू ठेवावी, दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे एजंट नेमावेत, आणि मतभेद झाल्यास तो लवादाकडे सोपवावा, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. कराराची भाषा एकच असली तरी वाचने दोन झाली. मेनन यांच्या दृष्टीने तो विलीनीकरणाच्या वाटेवरील थांबा होता; वर्षभरात संस्थानात जबाबदार राज्यपद्धती येईल आणि सामीलनाम्याचा प्रश्न आपोआप सुटेल, ही दिल्लीची अपेक्षा. लायक अली यांच्या दृष्टीने तोच करार हैदराबादच्या पृथक अस्तित्वाला मिळालेली मान्यता होता. वर्षभराची सवड मिळाली म्हणजे संस्थान आपली बाजू बळकट करील, ही त्यांची अपेक्षा.

अशा स्थितीत पुढील प्रत्येक कृती दोन्हीकडे विश्वासघात म्हणून नोंदली जाणे अपरिहार्य होते. हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे कर्जाऊ दिले. हैदराबादच्या दप्तरात ती एका सार्वभौम सरकारची आर्थिक बाब होती. दिल्लीच्या दप्तरात तो उघड शत्रुत्वाचा पुरावा ठरला. भारताकडून संस्थानात येणारा माल अडू लागला. दिल्लीने त्याचा दोष कधी स्थानिक अधिकाऱ्यांकडे, कधी परिस्थितीकडे दिला. हैदराबादने तो गळा आवळण्याचा पूर्वनियोजित डाव मानला. मुनशी व लायक अली यांची या विषयावरील प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. दोघांनीही प्रतिपक्षाच्या कृतीचे मूळ त्याच्या स्वभावात शोधले आहे, आणि स्वपक्षाच्या तशाच कृतीचे मूळ परिस्थितीच्या रेट्यात.

जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांनी जाता जाता तडजोडीचा शेवटचा प्रयत्न केला. दिल्लीने त्या मसुद्यात बऱ्याच सवलती मान्य केल्या होत्या. निजामाने तो नाकारला. मेनन यांना हा नकार अनाकलनीय वाटतो. परंतु ज्याने प्रतिपक्षाची सवलत ही त्याच्या दुर्बलतेची खूण मानली, त्याच्या दृष्टीने तो नकार सुसंगतच होता. दिल्लीत काश्मीरची चिंता आहे, देशभर दंगे उसळतील ही धास्ती आहे, लष्कराचे ब्रिटिश सरसेनापती जनरल बूचर कारवाईविषयी साशंक आहेत, हे हैदराबादला ठाऊक होते. ही माहिती खोटी नव्हती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला.

२. बढाई आणि तिचा स्वीकार

या काळातील सर्वांत परिणामकारक आवाज इत्तेहाद-उल-मुसलमीनचे अध्यक्ष कासीम रझवी यांचा होता. अलीगढला शिकलेले रझवी लातूरला वकिली करीत, आणि तेथूनच त्यांचे नेतृत्व उदयास आले. लाल किल्ल्यावर आसफजाही ध्वज फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा आशयाची त्यांची वक्तव्ये १९४८ च्या वसंतात वृत्तपत्रांतून देशभर पोचली. हैदराबाद सरकारने त्यांतील एका भाषणाच्या वृत्ताच्या सत्यतेवरच आक्षेप घेतला. मेनन व मुनशी यांच्या ग्रंथांत ही भाषणे हैदराबादच्या धोरणाचा गाभा म्हणून येतात. लायक अली यांच्या ग्रंथात रझवी हे उतावळे परंतु दुय्यम गृहस्थ आहेत.

येथे दोन्ही चित्रे सदोष आहेत. सभेत टाळ्या मिळविणाऱ्या वाक्यांचे रूपांतर सैन्याच्या योजनेत होत नसते. हैदराबादच्या फौजेजवळ दिल्लीवर चालून जाण्याचे साधन नव्हते. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून चोरट्या विमानफेऱ्यांनी आणलेली शस्त्रे मिळूनही ही उणीव भरून निघाली नाही. उलटपक्षी, रझवींना दुय्यम म्हणणे हेही सत्याला धरून नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी इत्तेहादच्या जमावाने वाटाघाटी करणाऱ्या मंडळींच्या घरांना वेढा घालून त्यांचे दिल्लीस जाणे रोखले, छत्तारीचे नवाब बाजूला झाले, आणि त्यानंतरच लायक अली यांचा सत्तेचा मार्ग मोकळा झाला. ज्या शक्तीमुळे लायक अली पंतप्रधान झाले, तिला त्यांनी ग्रंथात गौण ठरविले आहे.

रझवींच्या भाषणांपेक्षाही दूरगामी परिणाम झाला तो इत्तेहादच्या एका सिद्धान्ताचा. 'अनल मलिक', म्हणजे संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा वाटेकरी आहे, निजाम हे केवळ त्या सामुदायिक सत्तेचे प्रतीक, असे हा सिद्धान्त सांगत असे. वस्तुस्थिती काय होती? १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लक्ष. तीत मुसलमान साधारणतः आठांत एक. त्यांच्यातील फार थोडे जहागीरदार किंवा अधिकारी होते. नांदेड, लातूर, उदगीर, औसा या भागांतील बहुसंख्य मुसलमान विणकर, पिंजारी, कसाई, शिपाई, टांगेवाले, कुळे आणि मजूर होते. त्यांना सत्तेचा वाटा मिळालेला नव्हता; मिळाली होती ती फक्त सत्ताधारी म्हणवून घेण्याची घोषणा.

ही घोषणा तिच्या प्रवर्तकांनी अनुयायांना फुलविण्यासाठी दिली. तिच्यावर खरा विश्वास ठेवला तो प्रतिपक्षाने. दिल्लीच्या व मुंबईच्या वृत्तपत्रांत, सरहद्दीवरील छावण्यांत, पुढे गावोगावच्या बोलण्यात 'मुसलमान म्हणजे निजाम, निजाम म्हणजे रझाकार' हे समीकरण रूढ झाले. प्रतिपक्षाची बढाई हेच प्रतिपक्षाचे वर्णन म्हणून स्वीकारण्यात आले. या चार ग्रंथांच्या अभ्यासातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच होय.

याला अपवाद स्वामीजींच्या ग्रंथाचा. लढा सरंजामी एकतंत्री सत्तेशी आहे, मुसलमान समाजाशी नाही, हा विवेक त्यांनी सातत्याने राखला आहे. मात्र या काळातील बहुतेक महिने ते तुरुंगात होते; हा विवेक छावणीतल्या शेवटच्या तरुणापर्यंत किती पोचला, याचा शोध त्यांच्या ग्रंथात नाही.

३. मध्यस्थांची अडचण

पणिक्कर यांच्या निरोपाची जी गत झाली, तीच हैदराबादच्या मध्यस्थांची झाली. मुनशी जानेवारी १९४८ मध्ये एजंट जनरल म्हणून आले आणि बोलारम येथे राहिले. हैदराबादच्या दरबाराला त्यांच्यात जुन्या ब्रिटिश रेसिडेंटाचा वारस दिसला. मुनशी हे सोमनाथच्या जीर्णोद्धाराचे पुरस्कर्ते, गुजरातच्या गतवैभवाचे कादंबरीकार. अशा पुरुषाचे अहवाल पक्षपाती असणार असे हैदराबादने गृहीत धरले. उलट, लायक अली हे पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रांतील शिष्टमंडळात पूर्वी बसलेले. तेव्हा त्यांचा प्रत्येक शब्द कराचीहून येतो असे दिल्लीने गृहीत धरले. हैदराबादचे घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन यांनी दोन्हीकडे समजूत घालण्याचा प्रयत्न केला; त्यांच्यावर दोन्हीकडे संशय घेण्यात आला.

मुनशींचा ग्रंथ वाङ्मयीन दृष्ट्या चौघांत सर्वांत वाचनीय आहे. प्रसंग उभा करण्याची कादंबरीकाराची हातोटी त्यात पदोपदी दिसते. परंतु हीच त्याची मर्यादाही आहे. कादंबरीला खलनायक लागतो, आणि तो सापडला म्हणजे त्याच्या मागे उभ्या असलेल्या घाबरलेल्या माणसांकडे लेखकाचे लक्ष जात नाही. लायक अली यांचा ग्रंथ याच्या अगदी उलट, एखाद्या कारखानदाराने बुडीत धंद्याचा ताळेबंद मांडावा तसा आहे. प्रत्येक ठिकाणी नुकसान दिसते. चूक मात्र दुसऱ्याची. लष्कर काही काळ तग धरील या समजुतीचे खापर ते सेनापती एल एद्रूस यांच्यावर फोडतात. एद्रूस यांच्या आठवणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत सांगितलेली हकीकत याच्याशी जुळत नाही. स्वतःच्या पक्षातही एकमेकांचे आकलन इतके निराळे होते, तर प्रतिपक्षाचे यथार्थ आकलन व्हावे कसे?

४. नांदेडकडून पाहिल्यास

राजधान्यांमधील या चित्रांची पारख करण्याचे साधन जिल्ह्यात मिळते. नांदेड जिल्ह्यातील लढ्याविषयी हैदराबाद सरकारचे म्हणणे असे होते की, तो बाहेरून, भारतीय हद्दीतून चालविला जातो. या म्हणण्यात तथ्यांश होता. पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात असलेल्या उमरखेड येथे छावणी होती; ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील बँक लुटली गेली ती याच भागातील कार्यकर्त्यांच्या हातून. भारतीय हद्दीत हे चालले असता दिल्लीने त्याविषयी अनभिज्ञता दाखविली, आणि मेनन यांचा ग्रंथही या बाबतीत फारसा बोलका नाही. लायक अली यांची तक्रार येथे निराधार म्हणता येत नाही.

परंतु 'बाहेरून चालविलेला' या वर्णनाने हैदराबादने स्वतःचीच फसवणूक करून घेतली. बिलोली भागातील स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची अर्जापूरजवळ हत्या झाली ती २९ ऑक्टोबर १९४६ रोजी. तेव्हा ना सरहद्दीवर छावण्या होत्या, ना भारत स्वतंत्र झाला होता. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेची स्थापना झाली होती; १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली, आणि ती उठावयास १९४६ साल उजाडले. मातृभाषेतून शिक्षण, सभेचे स्वातंत्र्य, जबाबदार राज्यपद्धती या मागण्या मराठी जिल्ह्यांतून दहा वर्षे येत होत्या. त्या मागण्या मराठीत केल्या जात आणि उर्दू अहवालांतून वर जात. अहवाल लिहिणाऱ्याची बढती कशात आहे हे पाहूनच तो लिहिला जाई. अशा रीतीने सरकारला आपल्या प्रजेचे दर्शन झाले ते परकीयांच्या कारस्थानाच्या रूपात. नांदेडची माणसे नदी ओलांडून उमरखेडला का जातात हा प्रश्न पडण्याऐवजी, उमरखेडहून कोण येते एवढाच प्रश्न सरकारला पडला.

५. लातूरकडून पाहिल्यास

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेने हे गाव बार्शी-कुर्डुवाडीशी, म्हणजे ब्रिटिश मुलुखाशी जोडलेले होते. बाजारपेठ जोमदार, तीत मराठी, मारवाडी, लिंगायत आणि कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. ज्या गावाचा धंदा बार्शीवर अवलंबून, त्याच गावात रझवींचे घर. नाकेबंदीचा चटका आणि रझाकारांची दहशत या दोन्ही गोष्टी या भागाने एकाच वेळी सोसल्या. बार्शीकडे जाणाऱ्या वाटेवर नान्नज येथे जुलै १९४८ मध्ये चकमक झाली, आणि भारतीय सैन्याने ते गाव ताब्यात घेतले. लढाईची चाहूल तेथेच लागली होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या तुकड्यांनी नळदुर्ग घेतला. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे हैदराबादचे गाऱ्हाणे आले, तोवर लढाई जवळजवळ संपली होती. १७ रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ रोजी एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. दोन्ही राजधान्यांचे अंदाज एकदमच कोसळले : हैदराबादला वाटले होते की महिनोन्महिने झुंज चालेल, दिल्लीला भीती होती की देशभर आग भडकेल. यांपैकी काहीच झाले नाही. झाले ते निराळेच, आणि ते जिल्ह्यांत झाले.

पंडित नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या मंडळाने नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. कारवाईच्या काळात व नंतर २७ ते ४० हजार माणसे, मुख्यतः मुसलमान, मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचली, असे त्यांनी नोंदविले. लातूरविषयीची त्यांची नोंद विशेष विदारक आहे : हत्यांचे सत्र वीस दिवसांवर चालले, आणि दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक गावात उरलेले आढळले. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना आसरा दिल्याच्या घटनाही त्याच अहवालात आहेत. सरदार पटेल यांना अहवालाचे निष्कर्ष मान्य नव्हते. तो अनेक दशके अप्रकाशित राहिला. आकड्यांविषयी मतभेद असू शकतो. रझाकारांनी आधी केलेल्या हत्या, जाळपोळ व लूट यांची जबाबदारीही या आकड्यांनी कमी होत नाही. परंतु बढाईचे जे समीकरण राजधान्यांत व वृत्तपत्रांत तयार झाले होते, त्याची वसुली लातूरच्या विणकराकडून व पिंजाऱ्याकडून झाली, हे नाकारता येत नाही. तो सत्तेचा वाटेकरी कधीच नव्हता. वाटेकरी असल्याची शिक्षा मात्र त्याला झाली.

६. सोयीचे गैरसमज

सर्वच अयथार्थ आकलने अज्ञानातून येत नाहीत. काही टिकविली जातात, कारण ती उभय पक्षांना सोयीची असतात. निजाम हा रझवींचा कैदी होता, हे असेच एक आकलन. २३ सप्टेंबर १९४८ च्या नभोवाणीवरील भाषणात निजामानेच सांगितले की, एका छोट्या टोळीने हिटलरी मार्गांनी राज्य बळकावले होते. या निवेदनाने निजाम जबाबदारीतून सुटला आणि दिल्लीला विलीनीकरण सुरळीत पार पाडणे सुलभ झाले. वस्तुतः मसुदे नाकारणारा, पंतप्रधान नेमणारा आणि सुरक्षा समितीकडे ज्याच्या नावाने दाद मागितली गेली तो पुरुष निजामच होता. रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिले. लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख होता. ज्याचा ज्या प्रमाणात अधिकार, त्याच्या उलट प्रमाणात त्याला शिक्षा, असा हा हिशेब झाला.

तात्पर्य, या चारही ग्रंथांचे मूल्य ते काय सांगतात यापेक्षा ते प्रतिपक्षाला कशाच्या आधारे ओळखतात, यावर ठरवावयास हवे. मेनन यांनी त्याला मसुद्यांवरून ओळखले, मुनशींनी भाषणांवरून, लायक अली यांनी स्वतःच्या गृहीतांवरून. स्वामीजींनी त्याला सामाजिक रचनेवरून ओळखण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्यांचे आकलन इतरांच्या तुलनेने सरस ठरते. तथापि गावातला कोण कोणाला का भ्याला, कोणी कोणाला लपविले, कोण परत आले आणि कोणाचे घर दुसऱ्याच्या नावावर चढले, हे या चौघांपैकी कोणीच सांगू शकत नाही.

ती माहिती नांदेड व लातूरच्या महसुली कागदांत, बाजार पेढ्यांच्या वह्यांत, तुरुंगांच्या नोंदींत आणि फार थोड्या वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. मराठी, उर्दू व मोडी जाणणाऱ्या अभ्यासकांनी हे काम आता हाती घेतले नाही, तर त्या तेरा महिन्यांविषयी राजधान्यांनी एकमेकांची काढलेली चित्रे तेवढी उरतील, आणि जिल्ह्याची ओळखही त्याच चित्रांवरून होत राहील. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन साजरा करणाऱ्या प्रदेशाने आपल्या मुक्तीचा इतिहास आपल्या गावांकडून पडताळून घ्यावा. त्याने लढ्याचे मोल कमी होत नाही, आणि स्वामीजींनी राखलेला विवेक मात्र पुराव्यानिशी उभा राहतो.